अक्षरी एकोणीस

मी या शाळेत रुजू झाले त्याच आठवड्यात रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा होती. प्रयोगशाळेच्या टेबलावर चोवीस परीक्षानळ्या ओळीने लावलेल्या होत्या. प्रत्येकीत चिमूटभर पांढरी पूड आणि प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर आकडा असायला हवा, एवढी साधी गोष्ट. इथे मात्र ‘सात’, ‘आठ’, ‘अकरा’, ‘एकोणीस’ असं सगळं शब्दांत लिहिलेलं होतं, पावतीवर ‘अक्षरी’च्या पुढे लिहितात तसं. बोटभर चिठ्ठीत ‘एकोणीस’ बसवताना अक्षरं मुंगीएवढी झाली होती. मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हटलं, “हा काय पोरखेळ आहे?”

“वाचता येतंय ना, बाई?” कपाटाआडून आवाज आला. “मग झालं.”

हे आमचे प्रयोगशाळा परिचर. मुलं त्यांना अक्षरीमामा म्हणायची आणि पुढे मीही तेच म्हणायला लागले. उंच, वाळलेले, अंगात कायम निळा डगला, बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे न जाणारे काळे डाग. कामाला इतके चोख की त्यांच्या बाटलीवर कधी थेंब ओघळलेला दिसायचा नाही. पण आकड्याशी त्यांचं उभं वैर होतं. हजेरीपुस्तकात येण्याची वेळ ‘नऊ वाजून वीस मिनिटे’. मुख्याध्यापकांनी दोनदा समज दिली, तर समज मिळाल्याची तारीखसुद्धा मामांनी अक्षरी लिहिली. मी त्यांचा फोन नंबर मागितला, तेव्हा माझ्या डायरीच्या दोन ओळी खर्ची पडल्या. मी चिडले. मला चिडायला फारसं काही लागत नाही, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

ज्यांनी शाळेत विज्ञान घेतलं नाही त्यांच्यासाठी सांगते. या परीक्षेत प्रत्येक मुलाला एक अज्ञात क्षार देतात आणि तो कोणता ते त्याने ओळखायचं असतं. पूड सगळी पांढरी, दिसायला मिठासारखीच. मग तिचा वास घ्यायचा, तापवून बघायची, पाण्यात विरघळवायची, एकेक आम्ल घालून साका पडतो का ते बघायचं, म्हणजे तळाला पूड बसते का. आणि प्लॅटिनमची तार त्या पुडीत बुडवून बर्नरच्या ज्योतीत धरायची. बेरियम असेल तर ज्योत हिरवी होते, स्ट्रॉन्शियम असेल तर गडद लाल, कॅल्शियम असेल तर विटेसारखी तांबूस. नळीत खरं काय आहे ते फक्त परिचराला माहीत असतं. तो यादी करून बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या हातात देतो आणि त्या यादीवरून मुलांची उत्तरं तपासली जातात. यादी म्हणजे ब्रह्मवाक्य.

परीक्षेच्या दिवशी मामा माझ्याआधी येऊन बसलेले असत. ज्योतीचा रंग नीट दिसावा म्हणून प्रयोगशाळेला काळे पडदे आहेत, ते ओढलेले असत. बाहेर सकाळचं स्वच्छ ऊन आणि आत विहिरीच्या तळाशी असावा तसा काळोख. सातव्या टेबलावर एकच बर्नर पेटलेला. मामा तार हातात धरून उभे. मी आत आले की ते तार ज्योतीत धरत आणि हलक्या आवाजात विचारत, “बाई, कोणता रंग?”

“हिरवा.”

“नक्की?”

“मामा, मी याच विषयात पदवी घेतली आहे.”

“एकदा पुन्हा बघा.”

पुन्हा बघायचं. पुन्हा हिरवा. मग ते बर्नर बंद करत, पडदे सारत आणि कामाला लागत. हे दरवर्षी. आणि ही माझीच खास परीक्षा होती असंही नाही. नव्या कारकुनाला त्यांनी आत बोलावून विचारलं होतं, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला विचारलं होतं. पंखा बसवायला आलेला म्हणे घाबरून शिडी तिथेच टाकून गेला. मला वाटलं, माणूस एकलकोंडा आहे, काहीतरी खूळ डोक्यात घेतलंय. खूळ प्रत्येकाला असतं. माझ्या सासूबाई कुलूप लावल्यावर ते चारदा ओढून बघतात.

एका वर्षी मी आधीच कावलेली होते. मामांनी तार धरली, “कोणता रंग?” म्हणाले, आणि मी चेष्टेत म्हटलं, “लाल.”

ज्योत समोर ढळढळीत हिरवी होती. पण मामांचा हात तिथेच थांबला. त्यांनी तार आम्लात बुडवून साफ केली, पुन्हा पुडीत बुडवली, पुन्हा धरली. मग पुन्हा. मी म्हटलं, “अहो, चेष्टा केली. हिरवाच आहे.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तार धुवायची, बुडवायची, धरायची. अंधारात त्यांचा चेहरा तेवढा हिरवट दिसायचा आणि विझायचा. असं दहा-बारा वेळा झालं असेल. शेवटी मी जवळ जाऊन बर्नरचा गॅस बंद केला, तेव्हा ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, “आता तुम्ही माझं मन राखायला हिरवा म्हणताय.”

त्यानंतर मी कधी चेष्टा केली नाही. दरवर्षी निमूटपणे ‘हिरवा’ म्हणायचे आणि त्यांच्याकडे न बघता पडदे सारायला जायचे.

मामांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. रबरी बुचातून काचेची नळी घालताना ती मोडली, हातात घुसली, आणि त्या धांदलीत ओल्या फरशीवर पाय घसरून ते मनगटावर पडले. मी फडकं गुंडाळून त्यांना इस्पितळात नेलं. जखमेला टाके पडले आणि मनगटाचा एक्स-रे काढायला आम्हाला तळघरात पाठवलं.

एक्स-रे विभाग जुन्या पद्धतीचा होता, फिल्म काळ्या खोलीत धुणारा. टेबलामागे पन्नाशीला टेकलेल्या, नीटनेटक्या बाई बसल्या होत्या. एक्स-रे काढणाऱ्या माणसाच्या मदतनीस, फिल्म धुणं हे त्यांचं काम. मी वाट बघत बसले आणि नजर टेबलावर गेली. तिथल्या प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टीचा तुकडा होता आणि त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. पेनांवर ‘लाल’, ‘निळं’, ‘हिरवं’. दोऱ्याच्या रिळावर ‘तपकिरी’. त्यांच्या स्वतःच्या पर्सच्या पट्ट्यावरसुद्धा ‘हिरवी’ अशी चिकटपट्टी होती. पर्स हिरवीच होती.

त्यांनी मामांच्या बँडेजकडे बोट केलं आणि मला हळूच विचारलं, “बाई, हा डाग रक्ताचा की आयोडीनचा?”

“आयोडीनचा.”

“म्हणजे लाल नाही ना?”

हे विचारताना त्या डागाकडे बघत नव्हत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या. डोळ्यांची पापणी न हलवता. उत्तर मिळालं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आमच्या शाळेत असा प्रश्न विचारणारा एक माणूस होताच, आणि तो माझ्या शेजारी हात गळ्यात अडकवून बसला होता.

एक्स-रे झाला. त्या बाई काळ्या खोलीच्या दारातून म्हणाल्या, “दोघं आत येता का? ओली फिल्म दाखवते, म्हणजे डॉक्टरांसाठी ताटकळायला नको.” आम्ही आत गेलो, दार बंद झालं. वर एकच मंद लाल दिवा. त्या उजेडात भिंती, पाण्याचं टाकं, माझी साडी, मामांचं बँडेज, सगळं एकाच रंगाचं झालं. त्यांचा आवाज मात्र एकदम मोकळा झाला. “मला ही खोली फार आवडते. इथे सगळ्यांना सारखंच दिसतं.”

मामा म्हणाले, “हाड तडकलंय का?” बाहेर ते एक शब्द बोलले नव्हते.

टाक्यात फिल्म हलवणारे त्यांचे हात थांबले. “मामा ना तुम्ही? शाळेतले? आवाजावरून ओळखलं.” मग त्यांनी मला सांगितलं, अगदी कौतुकाने, “यांच्या प्रयोगशाळेतच मला कळलं, बाई, की माझे डोळे सदोष आहेत. मला लाल-हिरवं ओळखू येत नाही. प्रॅक्टिकलला मी लाल ज्योत हिरवी लिहिली होती. परीक्षक फार भले होते. म्हणाले, बाळ, यात तुझा दोष नाही, तुझ्या डोळ्यांचा आहे. नाहीतर मी पुढे औषधशास्त्राला गेले असते आणि कोणाला भलतंच काहीतरी दिलं असतं.”

लाल उजेडात मामांचा चेहरा नुसता लाल दिसत होता, त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

तळघराच्या जिन्यावर ते बसले आणि मला म्हणाले, “बाई, तिला हिरवीच दिसली होती. हिरवीच होती.”

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मामा तेव्हा नवे होते, नेमणूक कच्ची होती. नळ्या भरताना त्यांनी कच्ची यादी केली, आकड्यांत. एकेक बाटली उघडायची, तिच्यातला क्षार ज्या नळ्यांत जाईल त्यांचे क्रमांक खरडायचे. एकोणीसमध्ये बेरियम, अकरामध्ये स्ट्रॉन्शियम. दुसऱ्या दिवशी परीक्षकांसाठी त्यांनी त्यावरून पक्की यादी उतरवली. आपल्या लिपीत एक आणि नऊ सख्खे भाऊ, एका फाट्याचा काय तो फरक. घाईत लिहिलेल्या १९ मधला नऊ त्यांनी एक वाचला आणि अकरापुढे बेरियम लिहून टाकलं. मग खरा अकरा आला तेव्हा अकराची जागा भरलेली होती आणि एकोणीसची रिकामी. त्यांना वाटलं, हा एकोणीस असणार. स्ट्रॉन्शियम तिथे गेलं.

अकरा नंबरचा मुलगा त्या दिवशी आलाच नाही, नाहीतर दोन उत्तरं उलटसुलट बघून कोणाच्याही लक्षात आलं असतं. एकोणीस नंबरची नळी त्या मुलीला मिळाली. तिने ज्योत हिरवी लिहिली, बेरियम लिहिलं, बाकीच्या चाचण्या घाईत अर्धवट सोडल्या, कारण ज्योतीनेच उत्तर दिलं होतं. परीक्षकांनी यादी बघितली आणि तिला बोलावलं.

“ती म्हणाली, सर, पुन्हा एकदा जाळून बघा ना,” मामा सांगत होते. “सर म्हणाले, बाळ, लाल आणि हिरव्यात घोटाळा होणं हा डोळ्यांचा एक आजार असतो. किती प्रेमाने म्हणाले. मी शेजारी उभा होतो, ट्रे घेऊन. बेरियमची बाटली उघडताना बूच अडकलं होतं, ते मी एकोणीस नंबरच्या नळीपाशी उभा राहून काढलं होतं. मला लख्ख आठवलं. तिने माझ्याकडेसुद्धा पाहिलं. मग ती स्वतःचे डोळे चोळायला लागली.”

“आणि तुम्ही?”

“मी ट्रे घेऊन आत गेलो. गुणांचा लिफाफा बंद व्हायला तासभर होता. मी नळ्या धूत बसलो.”

मला इतका राग आला की जिन्यावरून जाणाऱ्या नर्सने वळून पाहिलं. मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. ते सगळं त्यांनी स्वतःला आधीच ऐकवलेलं असणार, कारण ते मान खाली घालून ऐकत होते आणि मध्येच पुढचं वाक्य स्वतःच म्हणत होते. मग म्हणाले, “पुढे एक विचित्र झालं, बाई. यादी माझ्याच हातची. तीत लाल लिहिलेलं. सरांनीही लाल म्हटलं. मुलीनेही शेवटी मान्य केलं की लाल असेल. हिरवा म्हणणारा मी एकटा उरलो आणि तोही मनातल्या मनात. मग मलाच खात्री वाटेना. म्हणून मी लोकांना विचारतो.”

मी म्हटलं, “तिला जाऊन सांगा.”

“सांगून पटेल?”

मला वाटलं पटेल. मी शिक्षिका आहे. पुरावा समोर ठेवला की माणसाला पटतं, या भरवशावर माझं पोट चालतं.

पुढच्या आठवड्यात मामांचा दुसरा एक्स-रे होता तेव्हा मी एकटीने त्या बाईंना गाठलं. त्यांना आता मी ताई म्हणायला लागले होते. मामांनी स्वतः सांगायचं ते मी सांगणं बरं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, “ताई, रविवारी सकाळी आमच्या प्रयोगशाळेत या. तुमची ती परीक्षा पुन्हा घेऊ. क्षार कोणते ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नसेल.”

मला वाटलं हसतील, नाहीतर रागावतील. त्या म्हणाल्या, “चालेल. माझी तयारी आहे.” जणू एकतीस वर्षं कोणीतरी हे विचारेल म्हणून त्या बसल्या होत्या. मी धीर करून विचारलं, डोळे कधी तपासून घेतले का. “एकदा गेले होते. ठिपक्यांची चित्रं असतात, त्यात आकडा शोधायचा. मला सगळे दिसले. पण माझ्या आधीची माणसं मोठ्याने वाचत होती. मी ऐकून पाठ केले असणार. पानं हिरवी असतात हे आंधळ्यालाही माहीत असतं ना, बाई, तसंच.” त्या शांतपणे बोलत होत्या आणि माझ्या कपाळाकडे बघत होत्या, मी आठ्या घालते का ते.

रविवारी शाळेत चिटपाखरू नव्हतं. मी सहा नळ्या भरल्या, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियम, कसेही मागेपुढे. मामांना बाहेर वऱ्हांड्यात बसवलं, कारण त्या त्यांच्या चेहऱ्यावरून वाचतील ही भीती होती. चिठ्ठ्यांवर मी आकडे घातले नाहीत. ‘एक’ ते ‘सहा’ शब्दांत लिहिलं आणि लिहिताना माझं मलाच बरं वाटलं नाही.

काळे पडदे ओढले, बर्नर पेटवला, प्लॅटिनमची तार पुढे ठेवली. ताई आल्या, पदर खोचला, बर्नरकडे पाहिलं आणि त्याचा गॅस बंद केला.

“ज्योत नको,” त्या म्हणाल्या. “पडदे उघडा. घड्याळ आहे का?”

त्यांनी पर्समधून एक बाटली काढली. आत स्वच्छ पाणी. “आमच्याकडे प्लास्टरची खोली आहे ना, तिथली पूड पाण्यात ढवळायची, एक दिवस निवळू द्यायची, वरचं पाणी गाळून घ्यायचं. एवढंच लागतं.”

आता मला काय चाललंय ते कळलं आणि मी स्टुलावर बसले. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याचं निवळलेलं पाणी बेरियमच्या द्रावणात घातलं तर पांढरा साका तत्काळ पडतो. स्ट्रॉन्शियमच्या द्रावणात घातलं तर लगेच काही होत नाही, जरा वेळाने गढूळपणा येतो. कॅल्शियमच्या द्रावणात कधीच काही होत नाही. जुन्या पुस्तकांत ही चाचणी आहे, हल्ली कोणी करत नाही. सगळं पांढऱ्यावर आणि वेळेवर चालतं. रंगाचा संबंधच येत नाही.

त्यांनी सहाही पुडी वेगवेगळ्या नळ्यांत विरघळवल्या, प्रत्येकीत ते पाणी घातलं आणि हात मांडीवर ठेवून घड्याळ बघत बसल्या. ‘दोन’ आणि ‘पाच’ बघता बघता दुधासारख्या झाल्या. बाकीच्या चार स्वच्छ. रिकाम्या शाळेत सेकंदकाट्याचा आवाज येत होता. ताईंचे ओठ हलत होते. काही मिनिटांनी ‘तीन’मध्ये काहीतरी तरंगल्यासारखं झालं, मग ‘सहा’मध्ये, आणि हळूहळू दोन्ही नळ्या डोळ्यात मोतीबिंदू यावा तशा गढुळल्या. ‘एक’ आणि ‘चार’ तशाच राहिल्या. त्यांनी आणखी बराच वेळ वाट पाहिली. मग कागद ओढून उत्तरं लिहिली.

सहाच्या सहा बरोबर होती. चाचणी, निरीक्षण, अनुमान, तिन्ही रकाने आखलेले, आमच्या मुलांनी आखले नसते इतके सरळ. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, ‘ज्योतपरीक्षा : घेतली नाही.’

“बरोबर?” त्यांनी विचारलं आणि माझा चेहरा बघून त्यांना कळलंच. त्या हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. “तेव्हा मी ज्योतीवर विसंबले तिथेच चुकलं. नंतर कितीतरी वर्षं विचार करत होते, डोळे नसतानाही हे कसं जमलं असतं. मग एक दिवस प्लास्टरची बादली धुताना सुचलं.”

मी म्हटलं, “ताई, आता फक्त एकदा ज्योत बघा. माझ्यासाठी.” पडदे पुन्हा ओढले. ‘दोन’ नंबरची उरलेली पूड तारेवर घेतली, बर्नर पेटवला, तार धरली. ज्योत हिरवी झाली, इतकी हिरवी की टेबलाची कड उजळली. मी चेहरा दगडासारखा ठेवला होता. ताई ज्योतीकडे क्षणभर बघत आणि परत माझ्याकडे. पुन्हा क्षणभर ज्योत, पुन्हा मी. अंधारात त्यांचे दोन डोळे माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवावा तसे फिरत होते.

“सांगा ना, काय दिसतं?”

“तुम्ही काहीच दाखवत नाही आहात,” त्या म्हणाल्या. “मग मी कसं सांगू?”

मी बर्नर बंद केला आणि मामांना हाक मारली.

ते आले. प्लास्टरमधला हात छातीशी धरून ताईंच्या समोर उभे राहिले. मी पडदे सारले, कारण हे उजेडात बोललं जावं असं मला वाटलं. आणि मामांनी सांगितलं. कच्ची यादी, पक्की यादी, एक आणि नऊ, न आलेला मुलगा, अडकलेलं बूच, ट्रे, तासभराची मुदत. काहीही गाळलं नाही, स्वतःला कुठे सांभाळून घेतलं नाही. शेवटी म्हणाले, “तुझ्या नळीत बेरियम होतं. ज्योत हिरवी होती. तुला हिरवी दिसली. तुझे डोळे चांगले आहेत, पोरी, तेव्हाही होते. मी तुझं वाटोळं केलं.”

ताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत ऐकत होत्या, सवयीप्रमाणे, बारकाईने. मामा रडत होते. मला वाटलं आता त्या ओरडतील, बाटली फेकतील, त्यांनी फेकायलाच हवी होती. मी टेबलावरच्या काचा जरा मागे सरकवल्या.

त्यांनी पदराचं टोक पुढे करून मामांचे डोळे पुसले.

“किती वर्षं मनाला लावून घेतलंत,” त्या म्हणाल्या. “माझं वाईट वाटतं म्हणून स्वतःवर घेताय. पण नका हो असं करू. मला आता काही त्रास नाही. बघितलंत ना, सहाच्या सहा ओळखले.”

“पोरी, मी खरं सांगतोय. बाईंना विचार.”

“खरं आहे, ताई,” मी म्हटलं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे, आणि दोघांचीही समजूत काढावी तशा मऊ आवाजात बोलल्या, “खरं असतं तर तुम्ही तेव्हाच बोलला असता ना, मामा. तुम्ही तर तिथेच उभे होतात. मी तुमच्याकडे बघितलंसुद्धा.”

त्यांनी उत्तरांच्या कागदावर मामांची सही मागितली, घरी ठेवायला. मामांनी प्लास्टरमधल्या हातानेच पेन धरलं. सही होईपर्यंत ताई कागद सरकू नये म्हणून धरून उभ्या राहिल्या.